नववी भामाबाई

आष्ट्याहून पायी निघालं तर तासाभराच्या आत लागणाऱ्या त्या वाडीत पाच वर्षं बहाई लोकांची सभा होती. आता नाही. का मोडली म्हणून कुणी विचारलं, तर नाथाजी खाली बघत सांगतो, "मानूस कमी पडलं." तसं बघितलं तर खरंच आहे ते. सभेला नऊ माणसं लागतात आणि वाडीत आठच उरली. भामाबाई सांगलीला लेकाकडं निघून गेली, तीन वर्षं झाली, अजून माघारी फिरकली नाही. पण ती जायच्या आधीच सभा मोडली होती, हे नाथाजी सांगत नाही. सांगणार कसा? मोडणारा हात त्याचाच होता.

आणि गंमत बघा, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. नाथाजी म्हणजे नाकासमोर चालणारा गडी. पंधरा वर्षं पलटणीत गाडी चालवली, पासष्टची लढाई बघितली, नाईक होऊन पेन्शनीत आला. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या बांधाला पाय लावला नाही. कपडे इस्त्रीचे, मिशी कातरलेली, मनगटावर घड्याळ. लग्नात मुहूर्त जवळ आला की माणसं भटजींच्या आधी नाथाजीच्या मनगटाकडं बघायची. भीती अशी त्याला एकाच माणसाची, थोरल्या भावाची. बाप लवकर गेला, आप्पासोंनी त्याला लेकरासारखा वाढवला, स्वतःच्या अंगावरची पैरण देऊन भरतीला धाडला. त्यामुळं तोफांच्या आवाजात न दचकणारा नाथाजी आप्पासो नुसते खाकरले तरी उभा राहायचा. गावाला याचं कौतुक होतं. भाऊ असावा तर असा, म्हणायचे लोक.

पेन्शनीत आल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून दोन हंगाम पाचगणीला एका कुटुंबाकडं मोटार चालवायला राहिला. ते लोक बहाई. पहिल्याच दिवशी दुपारी मालकीणबाईंनी त्याला हाक मारली आणि आपल्याच टेबलावर बसवून वाढलं. नाथाजीला घास गिळेना. पलटणीत साहेब लोकांचा मेस वेगळा, जवानांचा लंगर वेगळा, आणि इथं मालक शेजारी बसून विचारतोय, "नाथाजी, आमटी अजून घेणार का?" पुढं मार्चात त्यांचा नवरोज आला. एकोणीस दिवसांचे उपवास संपून नवं वर्ष लागायचा तो सण. त्या संध्याकाळी बंगल्यावर किती तऱ्हेची माणसं जमली होती! इराणी, पारशी, गुजराती, माळी, धोबी, सगळी एका पंगतीला, आणि कुणी रांधलं, कुणी वाढलं, याची कुणाला फिकीर नाही. देव एक, सगळे धर्म त्याचेच, सगळी माणसं एका झाडाची पानं, असं तिथं कुणी तरी सांगितलं. नाथाजीनं ऐकलं. पण खरं सांगायचं तर नाथाजी बहाई झाला तो ऐकून नव्हे, जेवून झाला.

वाडीत परत आला तो हे डोक्यात घेऊनच. पहिल्यांदा बायकोला, विजयमालेला पटवलं. मग लालासाहेब आला, नाथाजीचा लहानपणापासूनचा सोबती, उसाचा चांगला बागायतदार. जतकडून मेंढरं घेऊन येणारा आणि इथंच ठाण मांडलेला गुंडा धनगर आला, त्याची बायको आली. असं करत करत आठ झाले. आता ह्या धर्माचा एक नियम आहे. गावात एकवीस वर्षांवरची निदान नऊ माणसं असली, तरच त्यांची स्वतःची सभा उभी राहते. ती उभी करायची एप्रिलात, रिजवान नावाच्या त्यांच्या बारा दिवसांच्या सणाच्या पहिल्या दिवशीच. आणि त्यांचा दिवस सूर्य बुडाला की सुरू होतो, म्हणजे वीस तारखेच्या सांजेपासून एकवीसच्या सांजेपर्यंत. नऊपेक्षा जास्त असतील तर मतदान. नेमके नऊ असतील तर नऊही जणांनी मिळून जाहीर करायचं, की आम्ही सभा. आणि आठ असतील तर काही नाही. प्रार्थना करा, भजनं म्हणा, पण सभा नाही. पुढच्या रिजवानपर्यंत गप बसा.

नववं माणूस आपल्या पायांनी चालत आलं. बौद्धवाड्यातली भामाबाई लालासाहेबाच्या उसात भांगलायला यायची. विधवा बाई, एकुलता लेक नानासो सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा. तिनं बांधावर बसून ह्यांच्या प्रार्थना ऐकल्या होत्या. एक दिवस खुरपं कमरेला खोचून नाथाजीच्या अंगणात उभी राहिली.

"भाऊ, येक इचारते. तुमच्यात यायचं तर बुद्धाला सोडावं लागंल का?"

"न्हाई, न्हाई! बुद्ध बी देवानंच धाडल्याला. आमी त्येला मानतो."

"आनि समद्यांनी येकत्र बसायचं म्हंतासा, ते खरं?"

"खरं म्हंजी! त्योच तर आमचा धरम हाय."

"मग मी हाय," भामाबाई म्हणाली आणि कामावर निघून गेली.

नाथाजीला आनंद झाला तो विचारू नका. त्या दिवशी दिसेल त्याला सांगत सुटला, नऊ झाले, नऊ झाले. सांजचं आप्पासोंनी बोलावणं धाडलं. नाथाजी जाऊन उभा राहिला.

आप्पासो चांगले शांतपणे बोलले. "ह्ये बघ, धरम तुजा तू बघ. मी आडवा येनार न्हाई. समदी मानसं येक म्हंतोस, म्हन. पर ते अंगणापातूर. चुलीपातूर आणू नगंस. आपल्याला गावात र्‍हायचंय."

नाथाजीनं "बरं, आप्पा" म्हटलं. दोनच शब्द. त्या वेळी त्याला वाटलं, यात काय मोठंसं, बोलल्यानं कुठं काय बिघडतंय? सगळं बिघडलं ते तिथंच.

कारण ह्या धर्मात जेवण बाहेर ठेवून चालत नाही. दर एकोणीस दिवसांनी एकत्र जमायचं, प्रार्थना म्हणायच्या, गावचं-सभेचं बोलायचं, आणि शेवटी एकत्र खायचं. शिवाय नवरोज, रिजवान, त्यांच्या महापुरुषांच्या जयंत्या, आणि उपवासाआधीचे पाहुणचाराचे दिवस. नाथाजीचं अंगण मोठं, म्हणून सगळे तिथंच जमायचे आणि ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. लालासाहेबाची बायको पोळ्या आणायची, गुंडाची बायको चटणी आणि लोणी. पहिल्याच रिजवानला प्रश्न पडला, भामाबाईनं काय आणायचं?

नाथाजीला तोड सापडली. रिजवान म्हणजे मुळात बागेचा सण. बगदादबाहेरच्या बागेत हा धर्म सांगणारे बहाउल्ला बारा दिवस राहिले, तेव्हा माळी पहाटे गुलाब तोडून त्यांच्या तंबूत रास घालायचे, एवढी मोठी की पलीकडं बसलेला माणूस दिसू नये. ही हकिगत नाथाजीनं सगळ्यांना सांगितली आणि भामाबाईकडं वळून म्हणाला, "तुमी फुलं आणायची, भामाबाई. लय मानाचं काम हाय ह्ये."

आणि तिला ते खरं वाटलं हो! तिनं दारापुढं तेलाच्या फुटक्या डब्यांत मोगरा लावला, अबोली लावली. धुण्याचं पाणी घालून जगवली. सणाच्या दिवशी न्हाऊन, इरकल नेसून, पाटीभर फुलं डोक्यावर घेऊन यायची तेव्हा वाटेतल्या बायका विचारायच्या, कुठं गं? "देवाच्या बागेचं काम हाय माज्याकडं," म्हणायची. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, फुलं कुठली? त्या वर्षी ती कडुलिंबाचा मोहोर घेऊन आली. खायलाही कुणाच्या घरात काही नव्हतं, म्हणून दुकानातला गूळ आणि शेंगदाणे एका परातीत घेऊन नऊही जणांनी खाल्ले. नाथाजीला त्या दिवशी आपण फार मोठं काही केलं असं वाटलं. दुकानातला गूळ, बाबा. त्याला कुठं कुणाच्या घरची चूल चिकटलेली असते?

वर्षामागून वर्षं गेली आणि फुलं फुलंच राहिली. दर सणाला नाथाजी आधीच सांगून टाकायचा, "भामाबाई, तुमची फुलं तेवढी इसरू नगा." विजयमालेनं एकदा विषय काढला.

"आवं, येकदा त्यास्नी बी कायतरी करून आणू द्या की. बाई माणसाला वाटतं, आपल्या हातचं चार लोकांनी खावं."

"आनतील की. घाई काय हाय?" नाथाजी म्हणाला आणि घड्याळाला चावी देत बसला.

त्याला आठवत नव्हतं असं समजू नका. लढाईच्या वेळी तासगावकडचा ज्ञानू कांबळे त्याच्या गाडीवर असायचा. दोन दिवस रेशन आलं नाही तेव्हा ज्ञानूनं आपल्या मेसटिनमधला भात अर्धा करून त्याला दिला होता आणि नाथाजीनं तो बोटं चाटून खाल्ला होता. तेव्हा जात आडवी आली नाही. वाडीच्या वेशीत शिरलं की मात्र आडवी यायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसली गत.

शहात्तरच्या मार्चात उपवास कडक गेले. ऊन मरणाचं. कष्टाची कामं करणाऱ्यांना उपवासाची सूट असते, तरी भामाबाई दिवसभर ऊस सोलून निरंकार राहायची. "तुमी करता, मग मला का न्हाई जमनार?" म्हणायची. नवरोजची सांज आली. नाथाजीनं त्या वर्षी बेत मोठा केला होता. आप्पासोंना आणि गावच्या दोन पंचांना आग्रहानं बोलावलं होतं. आमच्यात वावगं काही नाही, उघड्या अंगणात बसतो, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, अशी त्याची फार दिवसांची इच्छा. पंच मंडळी ओट्यावर खुर्च्या टाकून बसली. खाली अंगणात पंगतीची पट्टी अंथरलेली. सूर्य बुडायला थोडा अवकाश होता.

तेवढ्यात भामाबाई आली. डोक्यावर पाटी नव्हती. दोन्ही हातांत पितळी भांडं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तोंडावर उपवासाचा शीण, पण डोळे हसत होते. ती सरळ नाथाजीपाशी आली.

"भाऊ, खपलीची खीर केलीया. नानासोनं सांगलीसनं गहू धाडला हुता. काल उखळात सडला, रातभर भिजू घातला. खोबरं, येलदोडं समदं घातलंया. उपास सोडायला ग्वाड पायजे म्हनलं."

नाथाजीनं भांडं हातात घेतलं. भांडं गरम होतं. आणि ओट्यावरून आप्पासो खाकरले.

"काय रं त्यात?"

नाथाजीच्या तोंडून पटकन निघून गेलं, "फुलं हायती, आप्पा."

भामाबाई दोन हात अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं. आधी तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, मग तिनं नाथाजीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. नाथाजी हळू आवाजात म्हणाला, "आत ठिवतो, मागनं वाढू." आणि भांडं घेऊन आत न जाता मागच्या गोठ्यात गेला. तिथं वैरणीच्या आड ठेवून आला. सूर्य बुडाला, प्रार्थना झाली, सगळ्यांनी पाणी पिऊन उपवास सोडला, पंगत उठली. खीर काही आली नाही. पंच चहा पिऊन खुशीत गेले. भामाबाईनं पानातलं थोडं खाल्लं, उठली, हात धुतले आणि घरी गेली.

सकाळी उजाडताच नाथाजी गोठ्यात गेला. विजयमालेनं बघायच्या आत भांडं रिकामं करायचं होतं. फडकं सोडलं तर काय वास सुटला! त्यानं बोट बुडवून चाखली. पाचगणीच्या बंगल्यावरसुद्धा अशी गोड खीर खाल्ली नव्हती. त्यानं अजून एकदा बोट बुडवलं. मग बाहेर कुणाचा तरी आवाज आला तशी गडबडीनं सगळी खीर म्हशीच्या घमेल्यात ओतली. आवाज भामाबाईचा होता. भांडं न्यायला आली होती. ती गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि म्हैस घमेलं चाटताना बघत राहिली.

"रातीत आंबली, भामाबाई," नाथाजी म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे बघितलेत, हा भांड्यासकट पकडला गेला तरी लपवत होता.

तिनं पुढं होऊन भांडं उचललं, हौदावर विसळलं, पदरानं पुसलं आणि गेली.

त्यानंतरच्या बैठकीला ती आली नाही. उसाची तोड चालू आहे, दमली असेल, असं नाथाजीनं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. रिजवान आला. वीस तारखेच्या सांजेला आठ जण जमले, दिवाबत्ती केली, प्रार्थना म्हटल्या. नववी जागा रिकामी. लालासाहेब अस्वस्थ झाला. "नाथा, उद्या दिस मावळायच्या आत बसायला पायजे, गड्या. न्हाईतर सभा गेली. पाच वर्सांची सभा."

"आनतो मी तिला," नाथाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बौद्धवाड्यात गेला. आठवड्यापूर्वीच्या जयंतीच्या निळ्या पताका अजून वाऱ्यावर हलत होत्या. भामाबाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं घोंगडं टाकलं. तो बसला.

"चुकलं माजं, भामाबाई."

"काय चुकलं?"

"खीर वाडली न्हाई."

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊ, लग्नाघरात बी येखादं भांडं वाडायचं र्‍हाऊन जातं. त्येचा राग धरनारी मी न्हवं. तुमी फुलं हायती म्हनलासा. माज्या म्होरं."

नाथाजी मनगटावरचं घड्याळ फिरवत बसला.

"मी खुळी, मला वाटायचं मानाचं काम दिलंय. धुन्याचं पानी घालून झाडं जगवली. त्या सांजंला कळलं, फुलं का सांगत हुता ते. फुलं खायाची नसत्यात." तिनं अंगठा त्याच्यापुढं धरला. "दर साली सभंच्या कागदावर माजा अंगठा घ्येता. अंगठा चालतो तुमाला, भाऊ, आनि त्याच हातानं केल्यालं चालत न्हाई?"

"न्हाई, तसं न्हाई. आना, आत्ता भाकरी आना. हितंच खातो मी. तुमच्या म्होरं खातो."

भामाबाई हसली. ते हसू नाथाजीला मारल्यासारखं लागलं. "हितं खाल वो. हितं कोन बगतंय? आमच्या धन्याच्या हातचं कोंबडं खायाला अंधार पडल्यावर पाटलांची पोरं बी येत हुती. सकाळी वळख न्हाई."

नाथाजीचे डोळे भरून आले. तो उठेना. भामाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला दया आली म्हणा, की सभा तिलाही हवी होती म्हणा.

"मी येते," ती म्हणाली. "दिस मावळायच्या आत येते. पर त्येच्या आदी आप्पासोंच्या म्होरं, समद्यांच्या म्होरं येवढंच सांगा. भांड्यात खीर हुती, भामाबाईच्या हातची, आनि म्या ती वाडली न्हाई. बाकी माफीबिफी काय नको मला."

"सांगतो," नाथाजी म्हणाला. "आज सांगतो."

"सांगा. मग मी हाय."

दिवसभर नाथाजी ते वाक्य घोकत होता. वैरण टाकताना, दाढी करताना. विजयमालेनं विचारलं, काय पुटपुटताय? तर काही नाही म्हणाला. दुपारी स्वतः जाऊन आप्पासोंना सांजेचं बोलावून आला. आज सांगून मोकळं व्हायचं, मग आप्पा बोलोत नाहीतर उठून जावोत. त्यानं मनाची पुरी तयारी केली होती, यात शंका नाही.

सांज झाली. आठ जण अंगणात बसले. आप्पासो आले ते काखेत भलं मोठं कलिंगड घेऊन. स्वतः खाली पट्टीवर बसले, नवरोजला खुर्ची घेतली होती तसं नाही. कलिंगड विजयमालेच्या हातात दिलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"नाथा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी मागं तुला टोचून बोललो आसंन. पर पाच-सा वर्सं बगतोय. दारू न्हाई, भांडान न्हाई, चार घरची मानसं गुण्यागोविंदानं बसत्यात. त्या दिशी पंच बी चांगलं बोललं. बा आसता तर त्येला बरं वाटलं आसतं."

उभ्या जन्मात आप्पासोंनी नाथाजीला असं कधी म्हटलं नव्हतं.  वाक्य जिभेवर होतं. भांड्यात खीर होती. एवढंच तर म्हणायचं. पण बाप ज्याच्या रूपानं बघितला त्या माणसानं आत्ता कुठं पाठीवर हात ठेवला, आणि त्याच घटकेला भामाबाईच्या चुलीवरची खीर मी हातात घेतली, मी तुमच्यादेखत खोटं बोललो, असं सांगायचं? जरा वेळानं सांगू, कलिंगड खाऊन झाल्यावर सांगू, असं त्याच्या मनानं घेतलं.

आप्पासोंनी माणसं मोजली. "आठच की रं. ती नववी कुटाय? भामाबाई? येत न्हाई म्हनं सध्या. रुसली बिसली का काय?"

सगळे नाथाजीकडं बघायला लागले.

"न्हाई, आप्पा," नाथाजी म्हणाला. "रुसायचं काय? अंगात कणकण हाय तिच्या. बरं न्हाई तिला."

म्हणून झालं आणि त्यानं मान वर केली, तर फाटकात भामाबाई उभी. इरकल नेसलेली, न्हायलेली. हातात काही नव्हतं. फाटकाच्या आत एक पाऊल टाकून ती तिथंच थांबली होती. किती ऐकलं असेल, हे विचारायची गरज नव्हती.

आप्पासोंनीही वळून बघितलं. "आगं, ह्ये काय? नाथा म्हनतोय तुला बरं न्हाई."

नाथाजीला वाटलं, आता ही बोलणार. बोलावंच हिनं. माझ्या तोंडून निघत नाही ते हिनं तरी सगळ्यांपुढं म्हणून टाकावं. भामाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या शेजारी बसलेल्या थोरल्या भावाकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "बरं न्हाई मला."

"आला हायसा तर घटकाभर बसा की, भामाबाई," लालासाहेब काकुळतीला येऊन म्हणाला. "तुमी बसला की नऊ हुतील."

"न्हाई, दादा. बसवायचं न्हाई मला."

आणि ती वळून गेली. विजयमाला नाथाजीच्या मागं उभी होती. खीर कुठं गेली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण घमेल्याच्या काठाला चिकटलेला गहू तिनं दुसऱ्या दिवशी बघितला होता. ती वाकून त्याच्या कानात म्हणाली, "जावा की मागं. आजून दिस हाय." दिवस खरंच होता. सूर्य आंब्याच्या शेंड्याला टेकायचा होता, आणि भामाबाई सावकाश चालली होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी.

नाथाजी उठला नाही.

"आसू दे रं," आप्पासो त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "बरी झाली की यील. फुडच्या आठवड्यात बसा." पुढचा आठवडा म्हणून काही नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"व्हय, आप्पा," नाथाजी म्हणाला. विजयमालेनं सुरी आणली, आप्पासोंनी आपल्या हातानं कलिंगड कापलं, आणि दिवस मावळेपर्यंत सगळे ते खात बसले.